चोररेघ

“सात नंबर,” साहेब म्हणाले, आणि मागच्या बाजूला आणखी काही लिहिलंय का ते बघायला त्यांनी तो पिवळा पडलेला कागद उलटा केला. काही नव्हतं. “दरीच्या नकाशातली सात नंबरची पायवाट. ही त्यातली चोररेघ. चला, हीसुद्धा काढून टाका.” टेबलाभोवतीचे पाच जण हसले. एक जण म्हणाला, इतकी वर्षं लोक ती वाट शोधत फिरले असतील बिचारे, आणि मग पुन्हा हसले. ताईही हसली. ओठांनी आपलं काम आपण उरकून घेतलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की टेबलाखाली आपला डावा पाय थरथरतोय. तिनं त्याच्यावर हात दाबून धरला. पाय ऐकेना.

नकाशे छापणाऱ्या त्या कचेरीत बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला चोररेघ म्हणजे काय ते कुणी शिकवायची गरज नव्हती. नकाशा काढायला वर्षं लागतात आणि चोरायला एक दुपार पुरते. म्हणून जुनी माणसं प्रत्येक नकाशात मुद्दाम एक खोटी गोष्ट घालायची. कुठं नसलेली गल्ली, कुठं नसलेलं तळं, डोंगरात नसलेली एखादी पायवाट. दुसऱ्या कुणाच्या नकाशात तीच गल्ली उगवली की चोर हाती लागला. खोटी रेघ कोणती हे जागेवर जाऊन मोजणी करणाऱ्यानं एका कागदावर लिहायचं, पाकीट चिकटवायचं, वर सही करायची, आणि ते पाकीट साहेबांच्या कपाटात जायचं. आता ते कपाट रिकामं होत होतं. लोक नकाशा हातात धरून एकटेदुकटे रानात शिरतात, खोट्या वाटेनं जाऊन एखादा कड्यावरून खाली गेला तर त्याच्या घरच्यांना तोंड कोण दाखवणार, असं साहेबांचं म्हणणं होतं, आणि त्यात काही चूक नव्हतं. नवी आवृत्ती मंगळवारी छापायला जाणार होती. दरीच्या पाकिटावरची सही ताईच्या वडिलांची होती. त्या पाच जणांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. बाबा गेले तेव्हा त्यातले तिघे जन्मायचे होते. साहेबांना ठाऊक असावं, कारण ते तिला सोडून सगळ्यांकडे बघत होते.

“साहेब, आणि ही वाट खरी असली तर?” ती म्हणाली.

“ताई, मोजणाऱ्यानंच लिहून दिलंय, खोटी म्हणून. वरून काढलेल्या फोटोत बघितलं, तिथं झाडांशिवाय काही दिसत नाही. आता ह्याच्यावर तुम्ही काय पुरावा आणणार?” साहेब मऊपणे म्हणाले. त्यांचा तो मऊपणाच तिला झोंबला. ती आपल्या टेबलाशी जाऊन बसली आणि समोरच्या पडद्यावर दरीचा नकाशा उघडून बघत राहिली. हिरव्या रंगात तुटक तुटक काळ्या रेघा. एक ते अकरा. तिच्या शाईच्या दिवसांत ह्याच रेघा तिनं तीन आवृत्त्यांसाठी हातानं काढल्या होत्या, आणि दर वेळी सात नंबरला आली की तिचा श्वास हळू व्हायचा. सगळ्यात छोटी वाट. दरीच्या तळाच्या फाटकापासून वरच्या रस्त्यापर्यंत, जेमतेम दीड किलोमीटर. त्या दीड किलोमीटरच्या जोरावर ती उभी होती. म्हणजे अगदी खरोखरच, पायांनी.

नवव्या वर्षी तिला ताप आला होता. ताप गेला तो जाताना पाय घेऊन गेला. पाच महिने अंथरुणात. डॉक्टर म्हणाले आता चालवा हिला, आणि ती म्हणाली नाही. आईनं समजावलं, रागावली, रडली. ही आपली उशीत तोंड खुपसून नाहीच. तेवढ्यात बाबा दरीतून आले. तीन उन्हाळे ते त्या दरीतल्या वाटा मोजत होते, महिनाभर तिकडं आणि आठवडाभर घरी. खांद्यावरची पिशवीसुद्धा न काढता ते तिच्या पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, “चिमणे, एक नवी वाट सापडलीय. सात नंबर दिलाय तिला. फाटकापासून ओढ्यापर्यंत चारशे बारा पावलं. आज फक्त फाटकापर्यंत यायचंय, बस्स. फाटक उघडून परत.” फाटक म्हणजे खोलीचं दार. दुसऱ्या दिवशी फाटकापासून पाच पावलं. त्यांच्या घराला खोल्यांना जोडणारा एक अरुंद बोळ होता, तिच्या अठरा पावलांचा. त्या बोळात भिंतीला धरून ती सात नंबरची वाट चालायला लागली. बाबा टोकाला स्टुलावर बसायचे आणि ओरडायचे, डावीकडं बघू नको, दरी आहे, डोळे फिरतील! तिथं फांदी खाली आलीय, वाक जरा! आणि ती वाकायची. चारशे बारा झाली की ओढा. ओढ्यात तीन दगड. ओढ्यापासून दोनशे साठ पावलांवर एक मोठा खडक, बुटाची नाडी बांधायला वाकलेल्या माणसासारखा. तिथून तीनशे पाच पावलांवर अशी जागा की पाणी ऐकू येतं आणि दिसत नाही. आणि तिथून पुढं एक हजार तेरा पावलांची चढण, मान वर करायची नाही, आणि एकदम आभाळ. त्या आभाळापर्यंत पोचायला तिला तीन महिने लागले. पोचली त्या दिवशी आईनं शेजारच्या चार घरांतल्या बायकांना बोलावून तिला बोळात चालवून दाखवलं होतं. डावा पाय जरा ओढायची, तो अजूनही ओढते. पण चालायची.

आणि आता तेच बाबा सहीनिशी सांगत होते की अशी वाट नाही.

ते शक्य होतं, हेच तर दुखत होतं. बाबा एक नंबरचे थापाडे. शिंकणारं झाड पाहिलं म्हणायचे. एका अस्वलानं आपल्या डब्यातलं खाल्लं आणि डबा नदीवर धुऊन परत आणून ठेवला, हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की समोरच्यानं डबा मागून बघावा. आई म्हणायची, ह्यांचं बोलणं चाळणीनं चाळून घ्यावं आणि मग चाळणीसुद्धा फेकून द्यावी. मग आजारी पोरीला उठवायला एखाद्या बापानं वाट रचली, पावलं रचली, आणि रचलीच आहे तर कचेरीच्या कामाला येईल म्हणून चोररेघ म्हणून चिकटवून टाकली, तर त्यात बिघडलं काय? पोरगी चालली ना? तिनं स्वतःला असं शंभरदा विचारलं. बिघडलं काहीच नव्हतं. फक्त घरी जाताना बस थांब्यापासूनच्या रस्त्यावर तिला पहिल्यांदाच पाऊल टाकायची भीती वाटली. फरशा जागच्या जागी होत्या, दुकानं, दिव्याचे खांब, सगळं होतं, आणि पाय कुठं ठेवावा कळेना. एका खांबाला धरून ती उभी राहिली, एखादी चक्कर आलेली बाई राहील तशी. लहानपणी ती चालायला लागली त्याच हिवाळ्यात बाबा गेले होते, छातीत कफ होऊन, आठ दिवसांत. पाय धड झाले की जाऊ दोघं, असं ठरलं होतं. नंतर ती कधीच गेली नाही. आई असताना आईसाठी, मग नोकरी, मग संसार. कारणं काय, मागितली तितकी मिळाली. खरं म्हणजे ती घाबरत होती. न जाण्यात सोय होती. न गेलेल्या माणसाची वाट कुणी काढून घेऊ शकत नाही.

तिचा नवरा शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा मास्तर. तो ओट्याशी उभा राहून अंडी उकडत होता. ती दारातूनच म्हणाली, “अहो, सात नंबर खोटी निघाली.”

“कोण म्हणतं?”

“बाबाच म्हणतात. सही आहे.”

त्यानं गॅस बारीक केला. सात नंबर म्हणजे काय हे त्याला लग्नाच्या आठव्या दिवशी सांगून झालं होतं, पावलांसकट. “मग जाऊन बघ,” तो म्हणाला.

“ह्या पायानं?”

“दुसरा कुठं आहे तुझ्याकडं?”

तिला इतका राग आला की ती पर्स टेबलावर आपटून आत निघून गेली, आणि आत जाऊन तिनं कपाटाच्या तळातून जाड तळव्यांचे बूट काढले.

रविवारी सकाळी दरीच्या तळाच्या फाटकाशी धुकं अजून उठायचं होतं. सगळं हिरवं. छापखान्यात त्या हिरव्या रंगाला एक आकडा होता, आणि तो आकडा किती खोटा होता हे तिला पहिल्या मिनिटाला कळलं. इथं काळपट हिरवा होता, पिवळा हिरवा, ओला, सडका, पारदर्शक हिरवा, आणि सगळे एकमेकांच्या अंगावर चढून बसलेले. नवरा वरच्या रस्त्यानं जाणाऱ्या बसमध्ये थर्मास घेऊन बसला. वरच्या टोकाला थांबतो, म्हणाला. बारापर्यंत आली नाहीस तर आरडाओरडा करीन. फाटकावरची वनरक्षक चाळिशीची, ठसठशीत बाई होती. तिनं ताईच्या पायाकडं पाहिलं, मग तोंडाकडं. “सात नंबर? ताई, इथं वाट नाहीये. मला सहा वर्षं झाली इथं. वरच्या अंगाला दरड आली तेव्हापासून पंधरा-वीस वर्षांत कुणी गेलेलं नाही म्हणतात. म्हातारे सांगतात पूर्वी होती म्हणून, पण म्हातारे काय, काहीही सांगतात.” ताई म्हणाली, माझ्याकडं पण असाच एक सांगणारा होता. बाई हसली आणि तिनं हातातली काठी ताईला दिली. शिट्टीही दिली. अडकलात तर वाजवा, म्हणाली, लाजू नका.

एक. दोन. तीन. ती मोठ्यानं मोजत होती, कारण मनातल्या मनात मोजायला लागलं की मन भलतीकडं जातं. नेच्यांनी गुडघ्यापर्यंत गर्दी केली होती. पायाखालची जमीन पानांनी इतकी मऊ झाली होती की पाऊल टाकलं की कळेना ती वाटेवर आहे की नुसती डोंगरावर आहे. पन्नास. ऐंशी. बोळातल्या भिंतीचा गारवा तिच्या उजव्या तळहाताला आठवला, रंगाचे पोपडे, चौदाव्या पावलाला बोटांना लागणारी खिळ्याची मोकळी जागा. दोनशे. एक वेल गळ्यात आली, ती वाकली, आणि वाकल्यावर हसू आलं, कारण बाबा ओरडायच्या आत वाकली होती. तीनशे. श्वास मोठा व्हायला लागला. चारशे. आता तिला ऐकू यायला हवं होतं. चारशे दहा, अकरा, बारा.

ओढा नव्हता.

नेचे होते, एक आडवं पडलेलं झाड होतं, त्याच्यावर अळंबी होती. पाण्याचा आवाजसुद्धा नव्हता. ती त्या झाडावर बसली. संपलं, तिला वाटलं, आणि इतक्या लवकर संपलं म्हणून शरम वाटली. आत्ता तिला बाबांचा राग आला नाही, दया आली. तो दमलेला माणूस पिशवी न उतरवता पलंगाशी बसतो आणि एक आकडा तोंडाला येईल तो सांगतो. चारशे बारा. का? चारशे म्हटलं असतं तर थाप वाटली असती म्हणून. बारा जोडले की खरं वाटतं. थाप मारण्यात हात कुणी धरावा त्यांचा! तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पायावरून मुंग्या चालल्या होत्या, त्या तिनं झटकल्या, आणि झटकता झटकता तिची नजर आपल्या बुटांवर गेली. दोन बूट. उजवा पुढं, डावा त्याच्या शेजारी. शेजारी, पुढं नाही. बत्तीस वर्षं नकाशे काढणारी बाई आपल्याच बुटांकडं बघून ताडकन उभी राहिली.

पावलं कुणाची? प्रत्येक मोजणीदार आपलं पाऊल आधी मोजून घेतो, मग त्यानं रान मोजतो. ही त्या धंद्यातली पहिली गोष्ट, कचेरीत नव्या आलेल्याला पहिल्या दिवशी सांगतात ती. बाबा सहा फुटी माणूस, त्यांच्या ढांगेत तिची दीड पावलं तरी जायची. चारशे बारा पावलं त्यांची होती. नऊ वर्षांची पोर बोळात आपली चारशे बारा मोजत होती, आणि छप्पन्न वर्षांची ही शहाणी अजून तेच करत होती! इतरांच्या आकड्यांतल्या चुका नखानं खुडून काढणारी, आणि स्वतःचं पाऊल कधी मोजलं नाही. मोजायचं मनातच आलं नाही. लंगड्या पावलाचा हिशेब कोण मांडत बसतो? “मूर्ख आहेस,” ती मोठ्यानं म्हणाली, नाक पुसलं, आणि पुढं निघाली. चारशे तेरा. चारशे चौदा. पाचशेला काहीतरी कुजबुजल्यासारखं झालं. साडेपाचशेला ती कुजबुज पायांखालून यायला लागली. पाचशे सत्त्याहत्तराव्या पावलाला तिचा बूट पाण्यात गेला.

दगड तीन नव्हते. एकही नव्हता, इतक्या वर्षांत पाण्यानं दगडांची जागा बदलली असेल, किंवा दगड बाबांनी पदरचे घातले असतील. ती पाण्यातून चालत गेली. गार पाणी बुटात भरलं आणि तिला बरं वाटलं, पण ती भुलली नाही. ओढा काय, दरीत कुठंही भेटतो. पाचशे सत्त्याहत्तर भागिले चारशे बारा. मास्तराच्या बायकोला एवढं यायलाच हवं होतं: एक पूर्णांक चार. बाबांच्या एका पावलाला माझी एक पूर्णांक चार. म्हणजे त्यांचा खडक दोनशे साठवर असेल तर माझा तीनशे चौसष्टवर. हा आकडा बाबांनी सांगितलेला नव्हता. हा तिचा होता, आत्ता, इथं, ओल्या बुटांत उभं राहून काढलेला. ह्याच्यात थाप शिरायला फटच नव्हती.

ती मोजत निघाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपला डावा खांदा दरीकडं आहे, आणि दरीच्या बाजूला नेच्यांखाली एकावर एक रचलेले दगड आहेत, हातभर उंच, शेवाळानं मढलेले, वाट ढासळू नये म्हणून कुणीतरी लावलेले. ती त्यांच्याकडं धड बघेना. बघितलं तर आकडा चुकेल. तीनशे साठ. एकसष्ट. तीनशे चौसष्ट, आणि समोर काही नाही. नेच्यांचं एक मोठं बेट. तिनं काठीनं नेचे बाजूला सारले, अजून सारले, एक वेल ओढली, ती तुटेना, दोन्ही हातांनी ओढली, आणि वेलीबरोबर शेवाळाची अख्खी गोधडी सुटून खाली आली. आत दगडाची पाठ होती. वाकलेली. खाली दोन गुडघे, आणि गुडघ्यांपाशी गेलेलं डोकं. एक माणूस कसलीच घाई नसल्यासारखा बुटाची नाडी बांधत बसला होता.

“अहो बाबा!” ती ओरडली. अख्ख्या दरीनं ऐकलं असेल. तिनं त्या खडकाच्या पाठीवर दणादण हात मारले, भेटलेल्या माणसाच्या पाठीवर मारतात तसे, आणि मग गाल टेकून उभी राहिली.

मग तिला चार दिवस आठवले. तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी बाबा नकाशा पुरा करायला घरी टेबलाशी बसले होते आणि चार दिवस त्यांनी टाक उचलला नव्हता. आई भांडी आपटत होती. “थापा मारायला जीभ कशी चुरूचुरू चालते! मग एक खोटी रेघ ओढायला काय धाड भरलीय? साहेबांनी सांगितलंय ना घाला म्हणून?” आणि बाबा म्हणाले होते, “बोललेलं हवेत जातं गं. रेघेवर लोक पाय ठेवतात.” नऊ वर्षांच्या पोरीला त्यातलं काही कळलं नव्हतं, तिला फक्त एवढं आठवत होतं की पाचव्या दिवशी ते शीळ घालत उठले, एक पाकीट चिकटवलं, आणि कचेरीत निघून गेले. सत्तेचाळीस वर्षांनी ते पाकीट कसं भरलं होतं ते तिला कळलं. खोटी रेघ त्यांच्या हातून निघेना, आणि नियम तर पाळायचा. म्हणून त्यांनी नकाशा खराच ठेवला आणि यादीत थाप मारली. सगळ्यांत छोटी, कमी वापराची, कुणाचं काही अडणार नाही अशी खरी वाट घेतली आणि तिलाच खोटी म्हणून लिहून दिलं. साहेब खूश, कचेरी खूश. चोर आला असता तर पकडलाही गेला नसता, पण वाटसरूचं पाऊल चुकलं नसतं. ती खडकाला टेकून एकटीच इतकी हसली की पोट दुखायला लागलं. अस्वलानं डबा धुतला म्हणणारा माणूस!

पुढची तीनशे पाच म्हणजे तिची चारशे सत्तावीस. तिथं पाणी ऐकू आलं आणि दिसलं नाही. तिनं नुसती मान हलवली, ओळखीच्या माणसाला रस्त्यात भेटल्यावर हलवतात तशी, आणि चढणीला लागली. एके ठिकाणी दरड वाटेवरून गेली होती. ती मातीत बसून, ढुंगणावर घसरत, मुळं धरून पलीकडं गेली. छप्पन्न वर्षांची बाई, शिट्टी गळ्यात, हातापायांना चिखल. तिला वाजवायची एकदाही आठवण झाली नाही. दरडीपलीकडं रचलेले दगड पुन्हा सुरू झाले. कधीतरी डावा पाय बंड करायला लागला, तिनं मांडीला हातानं उचलून पुढं ठेवला, परत उचलला, परत ठेवला. कधीतरी मोजणं सुटलं. केव्हा सुटलं कळलंच नाही. ती आता बोळात नव्हती आणि टोकाला स्टुलावर कुणी बसलेलं नव्हतं. घाम, पानं, धाप, पायाखाली घट्ट जमीन, आणि हे सगळं तिचं होतं. मान वर करायची नाही असं बाबांनी सांगितलं होतं. ती मान वर करून चढली.

वर नवरा रस्त्याच्या कठड्यावर बसला होता. त्याच्याशेजारी पाठीवर बोचकी घेतलेली दोन माणसं त्याला समजावत होती की काका, ह्या बाजूनं कुणी येणं शक्य नाही, फोनमध्ये बघा, नुसतं रान आहे. रान हललं आणि त्यातून ताई आली. नवरा उठला, घड्याळ बघितलं, आणि थर्मासचं झाकण उघडलं. तिनं चहाकडं पाहिलंसुद्धा नाही. चिखलाच्या हातानं तिनं त्याच्या खिशातला फोन काढून घेतला आणि रविवारी सकाळी अकरा वाजता साहेबांना लावला.

“साहेब, सात नंबर काढू नका. खालून निघाले आणि वर येऊन उभी आहे. वाट आहे. वरच्या अंगाला दरड आलीय, तेवढी खूण करा, बाकी सगळी आहे. दगडसुद्धा लावलेले आहेत.”

पलीकडून साहेबांचा गोंधळलेला आवाज आला, “ताई, पण मग… त्या नकाशात खोटी रेघ कुठली?”

तिनं मागं वळून दरीकडं पाहिलं. ऊन आलं होतं.

“एकही नाही, साहेब,” ती म्हणाली.